जोड लावा : १९३८चा जो लुई विरुद्ध १९६६चा अली

हिरडस

मंडळी,

गेले पंधरा दिवस रात्री जेवणं उरकली की मी बॉक्सिंगच्या जुन्या हेवीवेट (सर्वांत वजनदार गटाच्या) लढतींच्या फिती लावून बसतो. त्यातल्या दोन आता तोंडपाठ झाल्यात. पहिली २२ जून १९३८ची, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममधली. जो लुईने मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत आडवा केला, ती. दुसरी १४ नोव्हेंबर १९६६ची, ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममधली. महंमद अलीने क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवलं, ती. दोघांच्याही आयुष्यातल्या त्या सर्वोत्तम रात्री, असं माझं मत.

आता त्या रात्रीचा लुई आणि त्या रात्रीचा अली एका रिंगमध्ये उतरले तर? लुई १९८ पौंड, म्हणजे ९० किलो. अली २१२, म्हणजे ९६ किलो. उंचीत अली जेमतेम इंचभर जास्त. म्हणजे देहाच्या मानाने जोड अगदी तोलामोलाची आहे.

माझं मत लुईच्या पारड्यात. अली आख्ख्या कारकिर्दीत चार वेळा खाली पडला : १९६२ला सनी बँक्स, १९६३ला हेन्री कूपर, १९७१ला जो फ्रेझर आणि १९७५ला चक वेपनर. वेपनरचं सोडा, त्यात ठोसा किती आणि धक्का किती यावर अजून वाद आहे. उरलेल्या तिघांनी त्याला डाव्या हुकनेच (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) पाडलं. हात खाली ठेवून सरळ मागे झुकायचं ही अलीची सवय, आणि तिथेच डावा हुक बसतो. आता लुईचा डावा हुक आठवून बघा. हाताचं अंतर वीतभर, पण मागे सगळं अंग. नवव्या-दहाव्या फेरीत तो एकदा तरी लागणार, आणि लुईचा लागला की समोरचा क्वचितच सावरायचा.

तुम्हाला काय वाटतं? मत देताना कारण लिहा.

---

बोरकूट

अली. डोळे मिटून अली.

---

अबोली

वाचतेय. मला यातलं फार कळत नाही, पण लेक गेल्या वर्षापासून बॉक्सिंगला जाते आणि तिच्यामुळे मीही बघू लागलेय. एक विनंती : "पंच" म्हणजे रेफरी की ठोसा ते स्पष्ट लिहा हो! मागे एका लेखात "पंचांनी पंच मोजले" वाचून मी दहा मिनिटं अडकले होते.

---

वेल्टर६७

हिरडसराव, दोन्ही फिती छान निवडल्यात, पण विल्यम्सची लढत पुरावा म्हणून घेऊ नका. त्याला १९६४मध्ये एका पोलिसाची गोळी लागली होती. एक मूत्रपिंड गेलं, ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली. अलीसमोर उभा राहिला तो सनी लिस्टनशी (अलीच्या आधीचा जगज्जेता) दोनदा झुंजलेला विल्यम्स नव्हे. अली त्या रात्री देखणा लढला यात शंका नाही, चार वेळा पाडलं त्याने. पण समोरून परत काय येत होतं तेही बघायला हवं.

तरी माझं मत अलीलाच. तुम्ही तीन पाडाव मोजलेत, पण तारखा नीट बघा. बँक्स आणि कूपर यांच्या वेळी अली वीस-एकवीस वर्षांचा, अजून घडत होता. फ्रेझरच्या वेळी साडेतीन वर्षांच्या बंदीमुळे पायांतली चपळाई गेली होती. फेब्रुवारी १९६४ ते मार्च १९६७, म्हणजे लिस्टनपासून झोरा फॉलीपर्यंत, तो एकदाही पडलेला नाही. तुम्ही बोलावलाय तो १९६६चा अली. मग पुरावाही त्याच काळातला हवा.

दुसरं, लुईला हलत्या माणसाचा कायम त्रास. १९४१मध्ये बिली कॉन त्याच्याहून पंचवीस पौंडांनी हलका होता, आणि बारा फेऱ्या त्याने लुईला नाचवलं. अली म्हणजे चाळीस पौंड जास्त वजनाचा कॉन!

---

खासबागवाला

आमच्याकडं जत्रेच्या मैदानात जोड लावताना पंचकमिटी वजन बघती, वय बघती, आन् गेल्या सालभरात कुणाकुणाबरोबर झालीया ते बघती. तुम्ही वजन बघितलंय, वय बघा की. १९३८ला लुई २४ वर्षांचा, १९६६ला अलीपण २४चा. बरोबरीची जोड हाय. हिरडस, शाबास.

आता तारखेचं सांगतो. गामा पैलवान आन् झिबिस्को यांची १९१०ला लंडनात अडीच तासांच्या वर चालली, निकाल न्हाई. तीच जोड १९२८ला पतियाळात लागली, तर मिनिटभरात गामानं चीत केला. माणसं तीच, तारीख फिरली. म्हणून तारखेला धरून बोलायचं हे बेस्ट.

---

डेट्रॉइटकर

गेली सतरा वर्षं मी डेट्रॉइटजवळ राहतो. शहराच्या मध्यात, नदीकडे जाताना, जो लुईच्या हाताचं शिल्प आहे. फक्त हात आणि मूठ, चोवीस फूट लांब, ब्राँझचं, लोखंडी खांबांवर टांगलेलं. आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा गाडीतून तो हात पाहून म्हणाली, "अरे, बाकीचा देव कुठे गेला?" तिला लुईची सगळी गोष्ट सांगितली : अलाबामातल्या कापसाच्या शेतांमधून बारा वर्षांचा असताना आला, आईने व्हायोलिनच्या शिकवणीसाठी दिलेले पैसे त्याने बॉक्सिंगवर खर्च केले. परत जाताना तिने त्या हाताला नमस्कार केला.

म्हणून मी लुईच्या बाजूने आहे हे आधीच सांगून टाकतो. पण कारणही देतो. लुईचा वस्ताद जॅक ब्लॅकबर्नने त्याला तोल शिकवला. फिती बघताना लुईचे पाय बघा, दोन्ही पाय कायम जमिनीलगत, छोटी छोटी सरकती पावलं. दिसायला संथ, पण त्यामुळे तो ज्या क्षणी मारायला तयार नाही असा क्षणच सापडत नाही. अली सुंदर फिरतो, पण फिरताना बऱ्याचदा दोन्ही पाय हवेत असतात. लुई असल्या क्षणांचीच वाट बघत असतो.

---

वेल्टर६७

डेट्रॉइटकर, तोल मान्य. पण श्मेलिंगनेही त्या तोलातलं एक भोक शोधलंच होतं ना? त्याने लुईच्या आधीच्या लढती पाहिल्या आणि हेरलं की जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारून झाल्यावर लुईचा डावा हात खालून परत येतो. १९ जून १९३६ला त्याने त्याच फटीतून उजवा घातला. चौथ्या फेरीत पाडलं, बाराव्या फेरीत संपवलं. अलीचा पुढाकाराचा उजवा (आधी जॅब न मारता थेट टाकलेला उजवा ठोसा) किती वेगाने यायचा ते १९७४ला किन्शासामध्ये जॉर्ज फोरमनने पहिल्या फेरीत अनुभवलं. आणि तो बत्तीस वर्षांचा अली होता. चोविसाव्या वर्षी तो हात दिसलासुद्धा नसता.

---

हिरडस

@वेल्टर६७ : विल्यम्सचा मुद्दा पटला. तारखांचाही पटला, तो मी विचारात घेतलाच नव्हता. पण श्मेलिंगचा पटत नाही, कारण मी बोलावलाय १९३८चा लुई. दोन वर्षांत त्याने ते भोक बुजवलं होतं. माझा पुरावा तारखेप्रमाणे, तसाच तुमचाही हवा.

---

निवांत_नागपूर

हे सगळं एकदा कॉम्प्युटरला विचारून झालंय हो. मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने १९६७मध्ये एनसीआर ३१५ या संगणकात जुन्या-नव्या सोळा विजेत्यांची माहिती भरून रेडिओवर अख्खी स्पर्धा लावली. अंतिम सामन्यात रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. अली त्यात जिम जेफ्रीजकडून हरला आणि इतका चिडला की कोर्टात गेला. त्यातून पुढे १९६९मध्ये मायामीत अली आणि निवृत्त मार्सियानो यांना समोरासमोर उभं करून एकेका मिनिटाच्या सत्तर-पंच्याहत्तर फेऱ्या चित्रित केल्या. मार्सियानोने त्यासाठी भरपूर वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. शेवट वेगवेगळे चित्रित केले होते आणि कोणता दाखवणार हे दोघांनाही सांगितलं नव्हतं.

२० जानेवारी १९७०ला चित्रपटगृहांत दाखवलं तेव्हा अमेरिकेत तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या एका आवृत्तीत अली जिंकला. पण मार्सियानोने ते पाहिलंच नाही. ३१ ऑगस्ट १९६९ला आयोवात विमान कोसळून तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६वा वाढदिवस होता.

मला त्या चित्रीकरणाबद्दल कायम एक हुरहुर वाटते. दोन वेगळ्या काळांतले अपराजित विजेते रोज सकाळी एका खोलीत येत होते, एकमेकांच्या अंगाला हात लावत होते, मधल्या वेळेत गप्पा मारत होते. निकाल यंत्राने काहीही दिला तरी ते घडलं, हे केवढं मोठं आहे.

---

अबोली

बाप रे. हे माहीतच नव्हतं. लेकीला दाखवते.

---

बोरकूट

मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकलेला. मग त्यालाच का नाही आणत?

---

वेल्टर६७

@बोरकूट : कारण वजन. मार्सियानो आणि डेम्प्सी दोघेही १८५-१९० पौंडांच्या आसपासचे. आज ते हेवीवेटमध्ये नव्हे, क्रूझरवेटमध्ये खेळले असते. तो गट १९७९-८०च्या सुमाराला सुरू झाला, आता त्याची मर्यादा २०० पौंड आहे. १९३८चा लुईसुद्धा तिथेच बसतो. म्हणजे टायसन फ्युरीसारख्या सहा फूट नऊ इंचांच्या माणसासमोर लुईला उभं करायचं तर तो आजच्या नियमाने एक गट वर चढून लढतोय.

वजनाबद्दल स्वानुभव सांगतो. कॉलेजात मी ६७ किलोत खेळायचो. एकदा सरावाला जोडीदार आला नाही म्हणून सरांनी ८५ किलोच्या मुलाबरोबर तीन फेऱ्या खेळायला लावलं. त्याचे ठोसे मी चुकवले, बरेचसे चुकवले. पण दर वेळी तो जवळ येऊन माझ्या मानेवर अंग टाकायचा. तिसऱ्या फेरीत माझे हात वर जाईनात. मार न खाताच मी संपलो होतो. तेव्हापासून कुणी "चपळ माणूस मोठ्याला नाचवेल" म्हणालं की मला ती मान आठवते.

---

डेट्रॉइटकर

पण लुईने मोठे देह पाडलेत, वेल्टर. १९३५ला प्रिमो कार्नेरा, साडेसहा फुटांच्या जवळचा, २६० पौंड, सहाव्या फेरीत. बडी बेअर, एब सायमन, दोघेही २५०च्या आसपास. आणि आजचंच उदाहरण घ्या. ओलेक्झांडर उसिक क्रूझरवेटमधूनच वर आला आणि मे २०२४मध्ये रियाधला त्याने फ्युरीला हरवलं, डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं.

बेअर आणि सायमन यांच्याशी १९४२मध्ये झालेल्या लढतींचे सगळे पैसे लुईने नौदल आणि सेनेच्या मदतनिधीला दिले. स्वतः सैन्यात भरती झाला. आणि युद्धानंतर करखात्याने त्याच्यामागे जो तगादा लावला तो वर्षानुवर्षं संपला नाही. १९५०-५१ला तो परत रिंगमध्ये का उतरला, याचं उत्तर त्या थकबाकीत आहे. २६ ऑक्टोबर १९५१ला सदतीस वर्षांच्या लुईला मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांतून बाहेर पाडलं. ती फीत मी एकदाच पाहिली. पुन्हा लावणार नाही.

---

पेन्शनर_देवरुख

उशिरा आलो. लिहायचा मोह आवरत नाही.

१९८०च्या जानेवारीत मी नोकरीनिमित्त दिल्लीत होतो. अली भारतात आला होता आणि आपल्या सैन्यातल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत झाली. (कौर सिंगने पुढे १९८२च्या एशियाडला सुवर्ण मिळवलं.) मित्राने तिकीट मिळवलं होतं. आम्ही इतके लांब बसलो होतो की चेहरा दिसत नव्हता. अली अडतीस वर्षांचा, अंगाने सुटलेला. पहिल्या फेरीत नुसता चालत होता. मग मधेच, दोनेक सेकंद, त्याचे पाय तसे हलले. सगळं स्टेडियम एकदम "आ" म्हणालं आणि उभं राहिलं.

तेवढ्या दोन सेकंदांवरून सांगतो. चौदा वर्षांपूर्वी हे पंधरा फेऱ्या चालत असेल तर लुईसाहेबांचा हुक हवेतच जाणार.

---

खासबागवाला

देवरुखकर काका, नमस्कार. हे वाचून अंगावर काटा आला.

---

निवांत_नागपूर

काकांनी "पंधरा फेऱ्या" लिहिलं आणि माझ्या लक्षात आलं की या धाग्यावर खरा निकाल त्यावर आहे. हिरडसरावांनी फेऱ्या किती ते लिहिलेलंच नाही.

१९८२च्या नोव्हेंबरात रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू जबर जखमी होऊन नंतर मरण पावला. त्यानंतर एकेका संघटनेने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. योग्यच केलं. पण त्यामुळे जुना इतिहास वाचताना डोकं गरगरतं. १९४१ची कॉनची लढत घ्या. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तीन गुणपत्रिकांपैकी दोनांवर कॉन पुढे होता, तिसरीवर बरोबरी. आजच्या नियमाने बिली कॉन जगज्जेता! पण तेराव्या फेरीत कॉनला लुईला झोपवूनच जिंकायची हाव सुटली, तो उभा राहून देवाणघेवाण करायला लागला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना बाद झाला. १९५२ला मार्सियानो-वॉलकॉटचंही तेच. वॉलकॉट तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे, तेराव्या फेरीत एक उजवा, खेळ खलास. म्हणजे बारा फेऱ्यांच्या जगात मार्सियानोचे ४९ पैकी ४९ नाहीत.

तेव्हा बारा असतील तर अली, पंधरा असतील तर मी लुईकडे झुकतो.

---

वेल्टर६७

उलट! पंधरा फेऱ्यांत अली आणखी घट्ट होतो. १९७५ला मनिलात फ्रेझरसमोर चौदा फेऱ्या त्या उकाड्यात कुणी काढल्या?

---

हिरडस

पंधराच. दोघांच्याही काळात जगज्जेतेपदाची लढत पंधराचीच होती, तेव्हा त्यात वाद नको. १९३८ला हातमोजे आजच्याहून हलके होते, पण तेही तेव्हाचेच ठेवू.

---

डेट्रॉइटकर

वॉलकॉटचं नाव निघालंच आहे तर. हलत्या माणसासमोर लुई कसा दिसतो हे बघायचं तर कॉनपेक्षा जर्सी जो वॉलकॉट बघा. ५ डिसेंबर १९४७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वॉलकॉटने लुईला दोनदा पाडलं. रेफरीच्या मते वॉलकॉट जिंकला होता, दोन पंचांनी (अबोलीताई, इथे पंच म्हणजे निकाल देणारे!) लुईला दिलं. मी लुईचा भक्त असूनही सांगतो, मला तो निकाल पचत नाही.

पण पुढच्या जूनमध्ये दोघे पुन्हा भिडले आणि अकराव्या फेरीत लुईने त्याला बाद केलं. मग मी यादी काढली. बॉब पास्टर १९३७ला दहा फेऱ्या पळून टिकला, १९३९ला बाद. श्मेलिंग १९३६ला जिंकला, १९३८ला दोन मिनिटांत बाद. कॉन १९४१ला तेराव्या फेरीपर्यंत पुढे, १९४६ला आठव्या फेरीत बाद. लुईला ज्याने एकदा त्रास दिला तो दुसऱ्यांदा वाचला नाही. लुई रिंगमध्येच शिकत नसे, घरी जाऊन शिकत असे.

---

अबोली

लेकीला हे वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, "मग अलीपण तसाच आहे ना? फ्रेझरकडून हरला, परत जिंकला. नॉर्टनने जबडा मोडला, परत जिंकला. स्पिंक्सकडून हरला, परत जिंकला." बारा वर्षांची आहे. मला उत्तर देता आलं नाही.

---

वेल्टर६७

ताई, तिला माझा सलाम सांगा. हा या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

---

हिरडस

काल रात्री पुन्हा बसलो. ह्या खेपेस श्मेलिंग आणि विल्यम्स बाजूला ठेवले आणि पहिली वॉलकॉट-लुई लावली, मग १९६७ची अली-फॉली.

मी माझं मत बदलतोय. एकच लढत असेल तर अली, पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर. वॉलकॉट तेहतीस-चौतीस वर्षांचा असून लुईला इतकं फिरवू शकला, तर हा चोवीस वर्षांचा, त्याच्याहून मोठा, त्याच्याहून वेगवान. लुईचा डावा हुक एकदा लागेल, बहुधा बाराव्या-तेराव्या फेरीत. अली पडेल, आणि फ्रेझरसमोर उठला तसा उठेल.

पण डेट्रॉइटकरांच्या यादीनंतर एका लढतीवर थांबणं बरोबर नाही. सहा महिन्यांनी दुसरी लावा. तेव्हा लुई पायांच्या मागे लागणार नाही. पहिल्या चार फेऱ्या फक्त बरगड्यांवर मारेल आणि रिंगचे कोपरे आवळत जाईल. दुसरी लुई, अकराव्या फेरीत. आणि अबोलीताईंच्या लेकीचं खरं मानायचं तर तिसरी लावावीच लागते. ती कुणाची, ते मला ठरवता येत नाही.

तिसरीसाठी रेफरी मात्र मी निवडलाय : जर्सी जो वॉलकॉट. लुईशी दोनदा लढलेला, आणि १९६५ला लुइस्टनमध्ये अली-लिस्टनच्या दुसऱ्या लढतीत रेफरी असलेला. दोघांनाही इतक्या जवळून पाहिलेला दुसरा माणूस मला सुचत नाही.

---

पेन्शनर_देवरुख

वॉलकॉट नको, हिरडस. लुइस्टनला लिस्टन खाली पडला तेव्हा अलीला आवरण्याच्या नादात त्याने दहापर्यंतची मोजणी धरलीच नव्हती. ह्या लढतीत कुणीतरी पडणार हे तुम्हीच लिहिलंय. मोजणी चुकता कामा नये.

---

खासबागवाला

मग वॉलकॉटला लुईच्या कोपऱ्यात बसवा, आन् दुसरा रेफरी हुडका. तिसरी जोड कधी लावताय ते सांगा, मी हाय.